न दिसलेला हिमबिबट्या आणि समोर असलेली माणसे

आज बोलायचे आहे ते एका पुस्तकाबद्दल. पीटर मॅथिसन या अमेरिकन लेखकाचे ‘द स्नो लेपर्ड’. १९७८ साली ते प्रसिद्ध झाले आणि अमेरिकेतला नॅशनल बुक अवॉर्ड त्याला मिळाला. हिमालयात ट्रेकिंगला जाणाऱ्या वाचत्या माणसांच्या पिशवीत आजही हे पुस्तक असते. आपल्याकडची मुले-मुली आधी सह्याद्रीतले किल्ले करतात, मग लडाख, स्पिती, अन्नपूर्णा करतात आणि त्यातली काही या पुस्तकापर्यंत येतात. आमच्या माहितीतल्या काहींनी तर ते वाचून नेपाळची वाट धरली. तेव्हा या पुस्तकाची नीट तपासणी होणे गरजेचे आहे असे आम्हाला वाटते. पुस्तक मोठे आहे हे आधीच सांगून टाकतो. लहान पुस्तकावर तासभर बोलण्याचे कारण नसते.

ज्यांनी वाचले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात हकीकत सांगतो. १९७३चा सप्टेंबर महिना संपत आला होता. जॉर्ज शॅलर हे प्राणिशास्त्रज्ञ नेपाळमध्ये निघाले होते. हे तेच शॅलर, ज्यांनी आपल्या कान्हाच्या जंगलात १९६०च्या दशकात वाघ आणि हरणांचा अभ्यास केला. त्यांना आता भरल नावाचा प्राणी बघायचा होता. त्याला इंग्रजीत निळी मेंढी म्हणतात. पण तो खरोखर मेंढीच्या कुळातला की बकरीच्या, हा वाद होता आणि त्याचा निकाल भरलांचे विणीच्या हंगामातले वागणे बघूनच लागणार होता. तो हंगाम येतो ऐन थंडीच्या तोंडावर. भरल निर्धास्तपणे बघायला मिळतील अशी जागा म्हणजे नेपाळच्या वायव्येकडच्या डोल्पो प्रदेशातले शे गोम्पा. तिथल्या लामांनी आसपास शिकारीला मनाई केलेली होती. शॅलरनी बरोबर मॅथिसनला बोलावले.

पोखऱ्याहून चाल सुरू झाली. धोरपाटण, जांग ला, ताराकोट, रोहागाव, फोक्सुंडो सरोवर, मग पाच हजार मीटरच्या वरची कांग ला ही खिंड आणि पलीकडे शे. महिन्याहून जास्त चालले. सुरुवातीला पाऊस, पुढे बर्फ, मधे हमाल मिळण्याची पंचाईत. नोव्हेंबरचे सुमारे अडीच आठवडे मॅथिसन शे इथे राहिला. शॅलरना भरल मिळाले. शॅलरनी पुढे निष्कर्ष मांडला की हा प्राणी मुळात बकरीच्या जवळचा असून त्याने मेंढीची काही लक्षणे घेतली आहेत. मॅथिसनला मात्र हिमबिबट्या दिसला नाही. पावलांचे ठसे दिसले, विष्ठा दिसली, जमिनीवर ओरबाडल्याच्या खुणा दिसल्या. प्राणी दिसला नाही.

या सगळ्याच्या मागे आणखी एक गोष्ट आहे. मॅथिसनची पत्नी डेबोरा १९७२च्या आरंभी कर्करोगाने गेली होती. दोघेही झेन साधना करणारे. मधल्या काळात त्यांचे नाते तुटेपर्यंत ताणले गेले होते, ते शेवटी शेवटी जुळले. आठ वर्षांचा मुलगा मागे घरी. आई गेलेल्या मुलाला ठेवून बाप दोन-अडीच महिने डोंगरात निघून गेला. थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत परत येईन असे त्याने मुलाला सांगितले होते, आणि ते काही झाले नाही. पुस्तकात ही टोचणी येते. लपवलेली नाही.

आता टीका करायची तर कुठून? सोपा मार्ग असा आहे की म्हणायचे, पाश्चात्त्य माणूस आला, पूर्वेचे अध्यात्म चाखले, पुस्तक लिहिले, बक्षीस घेतले. हे फार बोलले गेले आहे आणि त्यात आळस आहे. मॅथिसन काही हौशी नव्हता. त्याची बौद्ध साधना पुढेही आयुष्यभर चालली आणि तो झेन आचार्य झाला. त्याच्या प्रामाणिकपणावर शंका घेण्यात अर्थ नाही. आपण दुसरे करू या. त्याने मांडलेला विचार गंभीरपणे घेऊ आणि तो आपल्याच शास्त्रांच्या कसोटीवर घासून बघू.

पुस्तकाचा गाभा असा आहे की बिबट्या दिसला नाही, आणि हे न दिसणे हीच प्राप्ती. वाचक इथे हेलावून जातो. आम्हीही हेलावलो. पण तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने हेलावल्यानंतर विचारायचे असते की ‘न दिसणे’ म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे यावर शतकानुशतके भांडण झाले आहे. टेबलावर घडा नाही, हे मला कसे कळते? कुमारिल भट्टाचे मीमांसक म्हणतात, त्यासाठी अनुपलब्धी नावाचे वेगळे प्रमाण मानावे लागते. नैयायिक म्हणतात, वेगळे प्रमाण नको, पण अभाव हा खराखुरा पदार्थ आहे. बौद्धांमध्ये धर्मकीर्ती म्हणतो, हे अनुमानातच बसते. भांडण काहीही असो, एका अटीवर सगळ्यांचे एकमत आहे. न दिसण्यावरून ‘नाही’ असे म्हणायचे असेल, तर ती वस्तू तिथे असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, डोळे शाबूत हवेत, वस्तू दिसण्याजोगी हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असे कोणी म्हणत नाही. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. धर्मकीर्तीचा शब्द आहे दृश्यानुपलब्धी, म्हणजे जे दिसण्याजोगे आहे त्याचे न दिसणे.

आता बिबट्याकडे या. हा प्राणी खडकाच्या रंगाचा. पहाटे आणि संध्याकाळी हिंडणारा. पन्नास पावलांवर बसलेला असला तरी नजरेला लागेलच असे नाही. म्हणजे तो दिसण्याजोगा नाहीच. त्याच्या न दिसण्यातून काहीही सिद्ध होत नाही. उलट ठसे आणि विष्ठा यांवरून तो आहे हे पक्के कळते. डोंगरावर धूर, तेव्हा आग. न्यायशास्त्राच्या पहिल्या धड्यातले उदाहरण हेच, आणि तेही डोंगरावरचेच. मॅथिसनला बिबट्याचे ज्ञान झालेच होते. ते अनुमानाने झाले, प्रत्यक्षाने झाले नाही, एवढेच. शॅलरसारख्या शास्त्रज्ञाला यात काही अडचण नव्हती. खुणा मोजल्या, वहीत लिहिल्या, काम झाले. शिवाय चित्रालमध्ये त्यांनी हा प्राणी आधी पाहिलेलाही होता.

झेन साधकाची अडचण वेगळी असते. त्याला प्रत्यक्षच हवे असते. शब्दाच्या आणि कल्पनेच्या आधीचे, वस्तूला थेट भिडणारे. म्हणून बिबट्याचे न दिसणे त्याला बोचले आणि म्हणूनच ते सोडून देणे ही त्याची साधना झाली. इथपर्यंत पुस्तक अगदी बरोबर आहे. हवे ते न मिळाले तरी मन शांत राहते का, ही परीक्षा खरी आहे. डेबोरा परत येणार नाही हेही त्यातच आले. बायको गेलेल्या माणसाने बिबट्याच्या न दिसण्याशी समझोता करणे म्हणजे काय, हे वाचकाला सांगावे लागत नाही.

पण श्रोतेहो, धर्मकीर्तीची अट उलट्या बाजूनेही लावून बघा. जे दिसण्याजोगे नव्हते ते दिसले नाही, याचे इतके चिंतन झाले. जे दिसण्याजोगे होते, समोरच होते, ते दिसले का?

पुस्तकातलाच एक प्रसंग घ्या. शे गोम्पाचे प्रमुख लामा कुठे आहेत याची विचारपूस चालू असते. वर कड्यावर एक छोटी एकांतकुटी आहे, त्साकांग. तिथे एक पायाने अधू भिक्षू बकरीचे कातडे कमावत बसलेला या दोघांना दिसतो. हे बघतात आणि पुढे जातात. मागाहून कळते की तोच शेचा लामा. ज्याला भेटायचे म्हणून इतकी धडपड केली तो हाताने कातडे मळत बसला होता आणि हे शेजारून गेले.

दृश्यानुपलब्धीचे यापेक्षा चांगले उदाहरण आम्हाला वर्गात कधी सापडले नव्हते. उजेड होता. डोळे होते. माणूस दिसण्याजोगा होता. आडवी आली ती कल्पना. लामा म्हणजे असा असा दिसणार, अशी. मॅथिसनचे मोठेपण असे की त्याने हे लिहून ठेवले. आमची तक्रार अशी की त्याने यावर पुरेसा विचार केला नाही. बिबट्याच्या न दिसण्यावर पुस्तकाचा तोल उभा आहे आणि लामाच्या न दिसण्याचा एक गमतीदार किस्सा झाला आहे. उलटे असते तर?

हेच हमालांच्या बाबतीत बघा. बर्फात अनवाणी चालणारे हमाल पुस्तकात आहेत. बर्फाच्या चकाकीने डोळे गेलेली, काही काळ आंधळी झालेली माणसे आहेत. मजुरीवरून घासाघीस आहे, हमालांचा खोळंबा आहे, लेखकाचे चिडणे आहे. चिडल्यावर स्वतःचीच लाज वाटणे आहे. म्हणजे नोंद पुरी आहे. पण त्या नोंदी लेखकाच्या मनःस्थितीचा हवामान-अहवाल म्हणून येतात. आज मी चिडलो, आज मी शांत होतो. हमाल ज्याच्यामुळे थांबला ते त्याचे कारण काय होते? घरी कापणी होती का? पुढच्या खिंडीत बर्फ पडले तर परतीची वाट बंद होईल ही भीती होती का? ज्याला महिन्याभरात परत जायचे असते, मिळालेल्या मजुरीत हिवाळा काढायचा असतो, त्याचे खिंडीसमोर थांबणे हा आळस नसतो. तो हिशेब असतो, आणि तो बहुतेक वेळा पाहुण्याच्या हिशेबापेक्षा बरोबर असतो.

एक अपवाद आहे, तुक्तेन. हा हमाल म्हणून आलेला शेर्पा. बाकीचे त्याच्याबद्दल जरा साशंक असतात. लेखकाला मात्र तो हळूहळू गुरूसारखा वाटू लागतो. शेवटी काठमांडूजवळ बौद्धनाथच्या स्तूपापाशी भेटायचे ठरते. लेखक जातो. तुक्तेन आलेला नसतो. तिथे पुस्तक संपते. वाचकाला वाटते, अहाहा, बिबट्यासारखाच हाही दिसला नाही! रचना सुंदर आहे. पण आम्हाला इथे थोडे अडखळायला होते. माणूस ठरलेल्या ठिकाणी आला नाही तर आपण काय विचारतो? तो आजारी पडला का? दुसरे काम मिळाले का? की त्याला वाटले, हा साहेब कशाला येतोय परत भेटायला? बिबट्याच्या गैरहजेरीला रहस्य म्हणता येते. मजुरीवर जगणाऱ्या माणसाच्या गैरहजेरीला कारण असते.

आता शून्यतेकडे येऊ. पुस्तकात शून्यता हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. हिमशिखरांची शांतता, निळे आकाश, वाऱ्याशिवाय आवाज नाही, आणि ‘मी’ विरून जाणे. आपल्या मराठी हिमालयवर्णनांतही असाच सूर असतो. निसर्गापुढे माणूस किती क्षुद्र, अहंकार गळून पडला, वगैरे. आमची नम्र सूचना अशी की नागार्जुनाला हे मान्य झाले नसते. मूलमध्यमककारिकेच्या चोविसाव्या प्रकरणात त्याने शून्यतेचा अर्थ स्वच्छ सांगितला आहे. प्रतीत्यसमुत्पाद, म्हणजे सगळे एकमेकांवर अवलंबून उत्पन्न होणे, यालाच तो शून्यता म्हणतो. शून्य म्हणजे रिकामे नव्हे. शून्य म्हणजे स्वतःच्या बळावर उभे नसलेले.

हा अर्थ घेतला की डोंगरावरच्या एकांताचे काय होते ते बघा. लेखक कड्यावर एकटा बसला आहे. त्याचे एकटे बसणे कशावर उभे आहे? खाली कोणीतरी शेणाच्या गोवऱ्यांवर चहा ठेवला आहे. तंबू कोणाच्या तरी पाठीवरून आला आहे. बटाटे कोणाच्या तरी शेतातले आहेत. परवानगीचा कागद काठमांडूतल्या एका टेबलावरून आला आहे. आणि दूर अमेरिकेत आठ वर्षांच्या मुलाला दुसऱ्या कोणीतरी जेवायला वाढले आहे. नागार्जुनाची शून्यता बघायची तर ही सगळी साखळी बघावी लागते. ‘मी विरून गेलो’ असे वाटणे हा अनुभव आहे, त्याला आमची हरकत नाही. ज्या माणसांमुळे तो अनुभव शक्य झाला ती माणसेही त्यात विरून जाणार असतील, तर मात्र शून्यतेचा शब्द चुकीच्या ठिकाणी वापरला गेला.

इथे इतिहासातला एक योगायोग सांगण्यासारखा आहे. डोल्पो प्रदेशात १२९२ साली एक मुलगा जन्मला. वयाच्या सतराव्या वर्षाच्या सुमारास आईवडिलांच्या मनाविरुद्ध तो विद्येसाठी मुस्तांगला पळाला. तिथून तिबेटात साक्यला, पुढे जोनांगला गेला. पुढे तो डोल्पोपा, म्हणजे ‘डोल्पोचा’, या नावानेच ओळखला गेला. तिबेटी बौद्ध विचारातला हा फार मोठा आणि फार वादग्रस्त तत्त्वज्ञ. त्याने म्हटले की सगळीच शून्यता एक प्रकारची नाही. व्यवहारातल्या वस्तू स्वतःच्या स्वभावाने शून्य आहेत. परमार्थतत्त्व मात्र स्वतःहून शून्य नाही, ते आपल्याहून परक्या अशा सगळ्या मळांपासून शून्य आहे. तिबेटी भाषेत या मताला शेन्तोंग म्हणतात, आपण परशून्यता म्हणू. या मतावर इतके काहूर उठले की सतराव्या शतकात, पाचव्या दलाई लामांच्या काळात, जोनांग परंपरेचे मठ काढून घेतले गेले आणि ग्रंथांवर बंदी आली.

हे कशासाठी सांगितले? स्फटिक पर्वताच्या पायथ्याशी मॅथिसनला जे जाणवते, की प्रत्येक वस्तू आतून उजळलेली आहे, मळ बाजूला झाला आणि काहीतरी लखलखीत उरले, ते नागार्जुनापेक्षा डोल्पोपाच्या जवळचे आहे असे आम्हाला वाटते. हे बरोबर की चूक हा वेगळा वाद. पण ज्या अनुभवाला शब्द देण्यासाठी लेखक जपानी झेनपासून पाश्चात्त्य गूढवाद्यांपर्यंत फिरून येतो, त्या अनुभवावर कडाक्याचा वाद घालणारा तत्त्वज्ञ त्याच मातीतला होता. डोल्पो म्हणजे नुसता देखावा नाही. तिथे विचार झालेला आहे. ट्रेकला जाणारा माणूस तिथली शांतता ऐकायला जातो. तिथे झालेले वादविवादही ऐकावेत, असे आम्ही म्हणतो.

आणि नुसता विचारच नाही, हिशेबसुद्धा. डोल्पोची गावे चार हजार मीटरच्या आसपास. वर्षाला जवाचे एक पीक. ते वर्षभर पुरत नाही. म्हणून शतकानुशतके याकांवर लादून तिबेटचे मीठ दक्षिणेला न्यायचे आणि धान्य आणायचे. हिवाळ्यात जनावरे तिबेटच्या पठारावर चरायला. १९५९ नंतर सीमा आवळत गेली, पलीकडची कुरणे बंद झाली, आणि खालून भारताचे स्वस्त मीठ डोंगरात चढू लागले. दोन्ही बाजूंनी गळा आवळला गेला. म्हणजे १९७३ साली मॅथिसन जिथे पोचला तो काळाबाहेरचा, न बदललेला प्रदेश नव्हता. नुकताच हादरलेला प्रदेश होता. शेजारच्या मुस्तांगात तर त्या वेळी खाम्पा लढवय्यांचे तळ होते. हे सगळे समजून घेता येण्यासारखे होते. डेव्हिड स्नेलग्रोव्ह १९५६ साली डोल्पोत हिंडले होते, त्यांचे ‘हिमालयन पिल्ग्रिमेज’ १९६१ पासून उपलब्ध होते. कॉर्नेल जेस्ट या फ्रेंच अभ्यासकाने १९६०च्या सुमारास तिथे राहून अभ्यास केला होता. या लोकांनी मठातल्या मूर्तींइतकेच धान्याच्या मापाकडे लक्ष दिले.

आता पुन्हा त्या लामाकडे जाऊ. लेखक त्याला विचारतो, असा एकांतात, अधू पायांनी, इथे अडकून राहण्यात तुम्ही सुखी आहात का? लामा खो खो हसतो आणि म्हणतो की सुखी आहेच, विशेषतः दुसरा इलाज नाही म्हणून तर जास्तच. हा प्रसंग फार गाजला. यातून स्वीकाराचा धडा घेतला जातो. आम्ही एवढेच लक्षात आणून देतो की हे वाक्य बोलणारा आणि ऐकणारा यांची जागा सारखी नाही. ज्याला पाय नाहीत त्याने ‘इलाज नाही’ म्हणून हसणे वेगळे. ज्याच्याकडे जुमल्याहून परतीचे विमान आहे त्याने ते वाक्य वहीत उतरवून घेणे वेगळे. स्टोइक तत्त्वज्ञांतही हा पेच आहे. एपिक्टेटस गुलाम होता, मार्कस ऑरेलियस सम्राट. दोघेही स्वीकार शिकवतात, पण वाक्य तेच असले तरी त्याचे वजन तेच राहत नाही. आणि आम्हाला अशीही शंका आहे की लामाला हे नीट कळत होते. समोरचा कोण आहे, कुठून आला आहे हे बघूनच तो हसला असावा. त्या हसण्यात थोडी थट्टाही असू शकते.

आता आपल्या घरातल्या एका प्रवाशाची आठवण करणे भाग आहे. धर्मानंद कोसंबी. गोव्यातल्या सांखवाळचे, जन्म १८७६. बुद्धाच्या ओढीने घर सोडले. घरी पत्नी आणि तान्ही मुलगी. पुण्यात आणि काशीत संस्कृत शिकले आणि बौद्ध धर्म तिथे सापडेल या आशेने १९०२ साली नेपाळात पोचले. काय सापडले? निराशा. तिथल्या बौद्ध धर्माची अवस्था बघून ते खिन्न झाले. हे सगळे त्यांनी ‘निवेदन’ या आत्मचरित्रात सांगितले आहे. हिमालय दिसत होताच की! पण कोसंबींना देखावा नको होता, त्यांना गुरू आणि ग्रंथ हवा होता. तो नाही म्हटल्यावर ते बुद्धगयेला आले, पुढे सिंहलद्वीपात जाऊन पाली शिकले, आणि परत येऊन आयुष्यभर मराठी माणसाला बुद्ध समजावून सांगत राहिले.

तुलना कोणाला मोठे, कोणाला लहान ठरवण्यासाठी नाही. मूल मागे ठेवण्याचा प्रश्न दोघांनाही लागू आहे, आणि राजपुत्र सिद्धार्थापासून तो प्रश्न बौद्ध परंपरेच्या पाठीशी आहे. कोसंबींच्या पत्नीने आणि मुलीने जी किंमत दिली ती त्यांच्या पालीने फिटत नाही. पण फरक एका ठिकाणी दिसतो. कोसंबींचे ‘न सापडणे’ हे योग्यानुपलब्धीचे होते. त्यांनी दिसण्याजोगी गोष्ट शोधली, ती नव्हती, तेव्हा ‘नाही’ असे म्हटले आणि दुसरीकडे गेले. मॅथिसनने न सापडण्यालाच सापडणे म्हटले. पहिल्यात माणूस चुकीचा ठरू शकतो. त्यांचे नेपाळबद्दलचे मत एकांगी होते असे आज कोणी दाखवून देऊ शकेल. दुसऱ्यात माणूस चुकीचा ठरूच शकत नाही. बिबट्या दिसला तरी प्राप्ती, न दिसला तरी प्राप्ती. आणि जे विधान कशानेही खोटे ठरत नाही, त्याच्याकडे तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी जरा संशयानेच बघतो. साधना म्हणून ते चालेल. ज्ञान म्हणून ते स्वीकारताना थांबावे.

पुस्तकानंतर डोल्पोचे काय झाले तेही सांगायला हवे. १९८४ साली शे-फोक्सुंडो राष्ट्रीय उद्यान झाले, ३५५५ चौरस किलोमीटरचे, नेपाळमधले सर्वांत मोठे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आतला डोल्पो परदेशी लोकांना खुला झाला, तोही जबर परवाना-शुल्क भरून. १९९९ साली एरिक वाली यांचा ‘हिमालया’ हा चित्रपट आला. त्यात डोल्पोच्याच लोकांनी कामे केली, मिठाच्या काफिल्याची गोष्ट जगभर गेली आणि ऑस्करच्या अंतिम यादीत पोचली. दरम्यान मिठापेक्षा यार्सागुम्बा महत्त्वाचे झाले. ही अळीवर वाढणारी बुरशी, औषध म्हणून चीनमध्ये अफाट किमतीला विकली जाते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला घरेच्या घरे ती शोधायला डोंगरावर जातात. गवतात गुडघ्यांवर रांगत, नजर जमिनीला लावून. बोटभर काडी दिसली की पैसे, नाही दिसली की नाही. त्यांच्या न दिसण्यात कसलेही गूढ नाही.

आणि ही माणसेही डोंगर चालतात, पण कशी? स्फटिक पर्वताभोवती ती प्रदक्षिणा करतात. बारा वर्षांनी ड्रॅगन वर्ष येते तेव्हा शे इथे मोठी जत्रा भरते. २०१२ला भरली, २०२४ला भरली. बौद्ध लोक पर्वत उजव्या हाताला ठेवून फिरतात, बोन धर्माचे लोक उलट्या दिशेने. फोक्सुंडोकाठच्या रिंगमो गावात बोन मठ आहे. म्हणजे समोरासमोरून येणारे लोक एकमेकांना वाट देतात. ट्रेकचा नकाशा खिंडींची उंची मोजत पुढे जातो. प्रदक्षिणेत मधली जागा पर्वताला दिलेली असते, चालणाऱ्याला नाही. मॅथिसनला हे कळत होते. तरीही त्याच्या पुस्तकात मधली जागा बहुतेक वेळा त्याच्या दुःखाला मिळते. दुःख खरे होते म्हणून आपण ते वाचतो आणि म्हणूनच पुस्तक टिकले.

तर मग निकाल काय? पुस्तक वाचावे का? अवश्य वाचावे. दोनदा वाचावे. पहिल्यांदा बिबट्यासाठी वाचा. दुसऱ्यांदा वाचताना एक पेन्सिल घ्या आणि जिथे जिथे दुसरा माणूस येतो तिथे खूण करा. कोण ओझे उचलतो, कोण चूल पेटवतो, कोण थांबतो, कोण निघून जातो. लेखकाने हे सगळे प्रामाणिकपणे लिहून ठेवलेले आहे. त्याच्याच नोंदींतून त्याच्या निष्कर्षाची तपासणी करता येते. खोट्या पुस्तकात ती करता आली नसती.

आणि तुमच्यापैकी जे पुढच्या मोसमात वर जाणार आहेत त्यांना एवढेच विचारतो. बरोबरच्या हमालाच्या पायात बूट आहेत का, डोळ्यांना गॉगल आहे का, त्याचा विमा उतरवला आहे का, हे निघण्याआधी बघाल ना? त्याचे गाव कोणते, हिवाळ्यात तो काय करतो, हे पहिल्या दोन दिवसांत विचाराल ना? हे विचारल्याने शांतता भंगत नाही. तुम्ही जी शून्यता शोधायला निघाला आहात, नागार्जुनाच्या म्हणण्याप्रमाणे तिची सुरुवात या प्रश्नांपासूनच होते.

आज इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.